पेटीची भात्याकडची बाजू

आमच्या जुईनगरच्या संगीत मंडळात नुसतं ऐकायला यायची सोय नाही. आलात की हातात काहीतरी घ्यायचं. पेटी, तबला, तंबोरा, आणि काहीच जमत नसेल तर टाळ. वापराविना वाद्य बिघडतं आणि माणूसही, असं आमच्या अध्यक्षबाईंचं म्हणणं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यामुळे त्यांना उलट विचारायची कुणाची टाप नाही. मी मात्र कित्येक वर्षं या नियमातून सुटले होते, कारण चहा माझ्याकडे असायचा.

मंडळ म्हणजे आमच्या सोसायटीच्या ऑफिसमागची एक खोली आणि त्यातली कपाटं. लोकांच्या घरी माळ्यावर, बेडच्या बॉक्समध्ये पडून राहिलेली वाद्यं आणायची, दुरुस्त करायची आणि ज्याला शिकायचंय त्याला वापरायला द्यायची, एवढंच काम. माझ्या नवऱ्याने आणि बेलापूरच्या त्यांच्या ऑफिसातल्या मित्रांनी हा उद्योग सुरू केला. पहिली पेटी आली ती तळवलीच्या एका आजींकडून. त्यांचे यजमान भजनात वाजवायचे. पेटीवरून हात फिरवत आजी म्हणाल्या, "वाजवनारा गेला. घरात ठेवून काय करू? न्या, पन मुकी ठेवू नका तिला." परत येताना हे रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसले आणि बाकीच्या सगळ्या पिशव्या माझ्याकडे दिल्या. आमच्या मुलीलाही त्यांनी कधी इतक्या जपून मांडीवर घेतलं नव्हतं, असं मी तेव्हा बोलूनही दाखवलं.

त्या पेटीवर ह्यांचा जीव जडला. दर रविवारी सकाळी मंडळात जाऊन ते ती वाजवायचे, आणि मी कप विसळत बसायचे. मला गाण्यातलं फार कळत नाही. मला कळायचं ते एवढंच की रविवारी हे दुपारपर्यंत कुणावर चिडत नाहीत.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं हळूहळू जमू लागलं, डावा हात मात्र परत आला नाही. पेटी वाजवणाऱ्याला उजवा हात लागतो सुरांना आणि डावा लागतो भात्याला. भात्याने वारा दिला नाही तर सूर कितीही अचूक दाबा, पेटीतून चकार शब्द निघत नाही.

मंडळातली माणसं प्रेमळ आहेत आणि त्यांच्या डोक्यात चोवीस तास वाद्यंच असतात. एका हाताने काय वाजेल यावर त्यांनी म्हणे दोन रविवार चर्चा केली. मग सगळ्यांच्या वतीने आमचे तबलजी, म्हणजे निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर, एक शेकर घेऊन घरी आले. शेकर म्हणजे लहान बाळाचा खुळखुळा असतो ना, तोच, फक्त महाग. "टेन्शन घेऊ नका, रविवारी या. हे हातात घेऊन बसा आमच्यात," तबलजी म्हणाले. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. ह्यांनी हसून आभार मानले, शेकर टीव्हीशेजारी ठेवला, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "ती पेटी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका म्हणावं."

त्यानंतर हे गुणगुणायचेही बंद झाले. दाढी करताना, भाजी निवडताना सदा काहीतरी ओठांवर असणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. डॉक्टर म्हणाले, तब्येत चांगली आहे. मला मात्र अशी भीती वाटली, जी हॉस्पिटलातही वाटली नव्हती. हे असेच हळूहळू आमच्यातून निघून जातील, असं वाटायला लागलं.

एके दिवशी दुपारी मी वैतागून मंडळातून पेटी उचलून आणली. पलंगासमोर सतरंजी घातली, ह्यांना हाताला धरून बसवलं, आणि पेटीच्या पलीकडे, भात्याच्या बाजूला मी बसले.

"वाजवा," मी म्हटलं.

"तुला जमणार नाही."

"नाही जमलं तर नाही. तुम्ही वाजवा."

मी जोर लावून भाता ओढला. पेटीने असं भोकाड पसरलं की शेजारच्या वहिनींनी दार उघडलं. "अगं, चूल पेटवायची नाहीये," हे ओरडले. मी म्हटलं, "मग पेटवा तुमची तुम्ही." आजारपणानंतर ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले होते, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग रोज दुपारी बसू लागलो. वारा लागायच्या आधी तो भात्यात असावा लागतो. सूर कमी पडला आणि मग ओढला, तर उशीर झालेला असतो. म्हणजे ह्यांना पुढे काय हवंय ते मला आधी कळायला हवं. एरवी ते मला संसारात कळतच होतं म्हणा, कधी पाणी हवं, कधी भांडण हवं. इथे ते खांद्यावरून कळायचं. वरच्या सुरावर जायचं असेल तर ह्यांचा उजवा खांदा जरासा वर जायचा आणि भुवई ताणली जायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका वेळ समोरासमोर बसून मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. वाजवताना तो फार सुंदर दिसतो.

आम्ही रविवारी मंडळात जाऊ लागलो. "तुमचं वाद्य कोणतं?" अध्यक्षबाईंनी नियमाप्रमाणे मला विचारलं. "भाता," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा तबलजींकडे सोपवला. चहा भयंकर होऊ लागला, पण कुणी काही बोललं नाही.

माझी कुरकुर करायची सवय मात्र नडली. माझं मनगट सुजायचं, आणि मी ते सगळ्यांदेखत बोलून दाखवायचे. ते तबलजींनी मनावर घेतलं. गादीत हवा भरायचा एक छोटा पंप, प्लास्टिकची नळी आणि पायाने दाबायचं बटण अशी जुळवाजुळव करून त्यांनी पेटीला वारा देणारं यंत्र बनवलं. आवाज येऊ नये म्हणून पंप थर्माकोलच्या खोक्यात जुन्या गोधडीत गुंडाळला. "वहिनी, आता आराम करा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला नाही म्हणवेना. ह्यांनीही बटण दाबून पाहिलं आणि म्हणाले, "वा."

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम त्याच यंत्रावर झाला. रिकाम्या हाताने बसायचं नाही म्हणून बाईंनी मला टाळ दिले आणि शेवटच्या रांगेत जागा दिली. तिथून मला ह्यांची फक्त पाठ दिसत होती. वाजवणं एकदम सफाईदार झालं. वारा कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. पण खरं सांगायचं तर त्या पंपाचा मला मत्सर वाटत होता. गोधडीत गुंडाळलेल्या पंपाचा मत्सर करायची वेळ येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

घरी येताना आम्ही रिक्षात बसलो. मी तोऱ्यात म्हटलं, "छान झालं हं. सुटले मी एकदाची."

 हे म्हणाले, "तू समोर बसायचीस ना, तेव्हा डावा हात गेलाय हे माझ्या ध्यानातच यायचं नाही. आज पूर्ण वेळ तेवढंच ध्यानात होतं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांचा डावा हात माझ्या बाजूला त्यांच्या मांडीवर पडला होता. मी तो उचलून माझ्या दोन्ही हातांत धरला. त्यांना कळलं की नाही कोण जाणे, कारण ते बाहेर बघत होते.

"उद्यापासून मनगटाला क्रेप बँडेज बांधून बसेन," मी म्हटलं. "पण ओरडलात तर उठून जाईन."

"ओरडणार," हे म्हणाले.