जावयाकडच्या मेमरीचा मान

चामराजपेटेत मराठी घरात लग्न निघालं की हॉल ठरायच्या आधी गुंडूरावांना विचारणं होई. पत्रिकेत कुठल्या काकांचं नाव वर, पंगतीत कुठला मेहुणा पहिल्या पाटावर, शेला आधी कुणाला, हे सगळं या माणसाच्या जिभेवर. मानपानात त्यांचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल, आणि वेळही ते कोर्टाइतकाच लावत. घरात पेपर आला तरी आधी देवापुढे ठेवायचा, मग वाचायचा. तोवर बातम्या शिळ्या होत, पण देवाचा मान राही.

पोटापाण्याचा धंदा लग्नपत्रिकांचाच. खिळे जुळवायचा छापखाना बंद पडला तेव्हा, म्हणजे सत्त्याण्णव साली, त्यांनी बाहेरच्या खोलीत एक जुना फोर-एट्टी-सिक्स कॉम्प्युटर आणून बसवला. पाहुण्यांना मोडकी खुर्ची, कॉम्प्युटरवर मात्र मखमलीचं झाकण. साध्या पत्रिका तो काढायचा. कुंथत काढायचा, पण काढायचा.

मग घरचंच लग्न निघालं. लेक भव्या, आणि नवरामुलगा रणजीत, पीण्या नावाच्या कारखानी भागात एका कंपनीत इंजिनियर. त्याचे वडील जयसिंगराव जे. पी. नगरला राहणारे, बोलणंसुद्धा गुळगुळीत कागदावर छापल्यासारखं. बैठकीतच ते म्हणाले, "पत्रिका आमच्याकडच्या प्रेसला देऊ या की. चार रंगांत येते. तुमच्या त्या डब्याला कशाला त्रास?"

डबा हा शब्द गुंडूरावांना भरल्या पंगतीतून उठवल्यासारखा लागला. अख्ख्या पेटेच्या पत्रिका काढणाऱ्याच्या लेकीची पत्रिका परक्या प्रेसमधून आली, तर उद्या त्यांना विचारायला कोण येणार? "शुक्रवारी घरी या," ते म्हणाले. "नमुना काढून दाखवतो. नाही पटला तर खुशाल तुमचा प्रेस."

पण पत्रिकेवर तुळजाभवानीचा मोठा फोटो हवा होता, आणि तो उघडला की मेमरी पुरत नाही म्हणून कॉम्प्युटर हात वर करी. रणजीतच्या कानावर हे गेलं. पोरगा गुणी. एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर-बाजारातून मेमरीची नवी पट्टी घेऊन आला. कंगव्यासारखी लांब, हिरवी, खाली सोनेरी दात. "जुनीच्या शेजारी बसवा, मामा," म्हणाला आणि शिफ्टला पळाला.

गुंडूरावांनी बटण बंद केलं, झाकण उघडलं आणि थबकले. आत खाचा दोन. पहिलीत जुनी पट्टी ऐसपैस बसलेली. आता जावयाकडून आलेली वस्तू दुसऱ्या जागेवर बसवायची? या घरात? त्यांनी जुनीला उठवून मागे सरकवलं आणि नवीला पहिल्या खाचेत विराजमान केलं. जुनी काय, घरचीच.

कॉम्प्युटर सुरू झाला. मेमरी वाढलेली पडद्यावर दिसली. गुंडूरावांनी मिशीवरून हात फिरवला. फोटो उघडला, देवीचा मुकुट आला, कपाळ आलं आणि डोळ्यांपाशी पडदा निळा पडला. परत सुरू केला, तर या खेपेला भव्याच्या नावापाशीच गोठला. त्यांनी टेबलफॅन लावला. धूळ झटकली. टेबल पूर्वेकडे तोंड करून फिरवलं.

बायको इंदिराबाई दारातून बघत होत्या. "अहो, दृष्ट काढू का?"

"येडी का काय? मशिनला दृष्ट लागत नाही."

स्वल्प वेळानं आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाले, "काढ."

दृष्ट काढूनही शुक्रवार यायचा तो आलाच. जयसिंगराव, त्यांच्या पत्नी सोयराबाई आणि मागे रणजीत. कॉफी झाली. गुंडूरावांनी मनात कुलदैवताचं नाव घेतलं आणि फोटो उघडला. मुकुट, कपाळ, निळा पडदा.

जयसिंगरावांनी खिशातून प्रेसचं कार्ड काढून बशीशेजारी ठेवलं.

रणजीतनं उठून बटण बंद केलं, झाकण उघडलं. "मामा, नवी पुढे का बसवली?"

"मग? तुमच्याकडून आलेली."

"बरोबर आहे," सोयराबाई म्हणाल्या.

"बरोबर नाही, आई. हे बोर्ड पहिल्या खाचेतली पट्टी बघून सगळ्यांचा वेग ठरवतं. नवी चपळ. तिच्या वेगानं जुनीला पळवलं की तिला धाप लागते, मग सगळंच आडवं. जुनी पुढे बसवा. चपळ माणसाला हळू चालता येतं, मंद माणसाला पळता येत नाही."

सोयराबाईंनी सहज म्हणून नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कॉफीच्या कपात बघू लागला.

"म्हणजे," जयसिंगराव घसा साफ करत म्हणाले, "आमच्याकडचं ते मागे."

मागे बसवलं तर विहीण रुसणार, पुढे ठेवलं तर पत्रिका प्रेसला जाणार. पण रुसवे काढण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. पहिली जागा देता येत नाही तिथं काय द्यायचं, हे त्यांना नाही तर कुणाला कळणार?

"ताट आण," ते बायकोला म्हणाले.

ताट आलं. त्यात नारळ, खण, विडा. मधोमध त्यांनी मेमरीची पट्टी काढून ठेवली आणि हात जोडले. "विहीणबाई, आमच्याकडचं थोरलं माणूस थकलंय. तुमच्याकडच्या पाहुण्यानं आपण होऊन त्याला पहिली जागा दिली, असं मी सगळ्या पेटेत सांगीन."

सोयराबाईंनी ताट नीट बघितलं. "टोपी-टॉवेल दिसत नाही."

"पट्टीला?" रणजीत म्हणाला.

"तू गप. मान म्हणजे मान."

टोपी-टॉवेल आला. इंदिराबाई कुंकवाचं बोट घेऊन पट्टीच्या दातांकडे निघाल्या, तसा रणजीत आडवा आला. "दातांना नको, मामी." मग कुंकू डब्याला लागलं.

"सरी, झालं मनासारखं," सोयराबाई गुंडूरावांना म्हणाल्या. "आता बसवा, अण्णा."

जुनी पुढे गेली, नवी मागे. देवी सावकाश उमटू लागली. मुकुट. कपाळ. डोळे आले, नथ आली, पायापर्यंत सगळी देवी आली. मग प्रिंटर कुरकुरला आणि पत्रिका बाहेर पडली.

जयसिंगरावांनी आपलं नाव शोधलं. ते योग्य त्या उंचीवर होतं. त्यांनी प्रेसचं कार्ड उचलून परत खिशात टाकलं. "काढा इथंच. पण आमच्या प्रेसमध्ये मशिनला नारळ द्यावा लागत नाही."

"तिथं मशिनला विचारतंय कोण?" गुंडूराव म्हणाले.

तोवर सोयराबाईंनी नारळ, खण, टॉवेल पिशवीत भरलं होतं. टोपी त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली. इंदिराबाई बघतच राहिल्या, पण गुंडूरावांनी त्यांना डोळ्यानंच दटावलं. मान पट्टीचा होता. तो नेणारं तिच्याकडचंच असायला हवं.