सावळारामची पक्कड

कळंबजवळ, महामार्गाला लागूनच, गेणभाऊंचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या पोटात तांब्याची नवी तार गुंडाळावी लागते. त्याला आपल्याकडे मोटार भरणं म्हणतात. आणि गेणभाऊंनी भरलेली मोटार म्हणजे ओझरपासून घोडेगावापर्यंत नाव होतं. बुडत्या दिवसाला दुकानात बसून ते तार गुंडाळू लागले की वाटायचं, माणूस माळ ओवतोय. अंगठ्याखालून तार सरकताना तिच्यावरचा केसाएवढा ओरखडासुद्धा त्यांच्या बोटाला कळायचा.

पण भरण्याआधी मोटार रिकामी करावी लागते. जळलेली तार वार्निशनं दगडासारखी बसलेली असते. तिचं एका बाजूचं डोकं छन्नीनं उडवायचं, मोटार शेगडीवर तापवायची, आणि मग पायाचा रेटा देऊन पकडीनं तार ओढायची. गुंता तसाच खाचेतून निघत नाही. त्याला ओढून सरळ करावं, तेव्हा तो अरुंद वाटेनं बाहेर येतो. हे काळं काम सावळाराम करी. सावळाराम डोंगराकडचा, भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका वाडीचा. भात निघालं की खाली यायचा आणि गेणभाऊंकडे राबायचा. पुढे तो इथलाच झाला. शेजारच्या रामनाथच्या लहानशा दुकानातल्या मोटारीही तोच मोकळ्या करी. त्यानं काढलेलं तांबं वितळायला जाई आणि नवी तार होऊन परत येई. नाव मात्र गेणभाऊंचं व्हायचं. जगाची रीतच ती.

गेल्या वर्षी गेणभाऊंची कंबर धरली. बाम झाला, शेक झाला, शेवटी पुण्याला तपासणी झाली. हाडांच्या मगजातल्या काही पेशी माजल्या होत्या. नको असलेलं प्रथिन त्या रात्रंदिवस तयार करत होत्या, आणि हाडं पोखरली जात होती. दर आठवड्याला पोटावर इंजेक्शन सुरू झालं. कंबर जरा हलकी झाली, तोच बोटांना मुंग्या यायला लागल्या.

गेणभाऊंनी डॉक्टरांना विचारलं, "ह्ये औषध करतं तरी काय?"

डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "पेशीत खराब झालेलं प्रथिन मोडायचं काम असतं, ते हे थांबवतं."

एसटीनं घरी येताच गेणभाऊंनी पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाले, "आता म्या पुण्याला जायाचा न्हाई."

"का वो?" बायको सरूबाई म्हणाली. "खिडकीची जागा न्हाई मिळाली व्हय?"

"चेष्टा नगं. अगं, भंगार काढायचं काम बंद पाडणारं औषध हाय त्ये. भंगार साचलं की दुकान बसतं. ह्या बोटांत साचाया लागलंय, बग."

सरूबाईचं हसू गेलं. तिला तो उन्हाळा आठवला. लाईट कमीजास्त होऊन गावोगावच्या मोटारी जळाल्या होत्या आणि नेमका सावळाराम तापानं पडला. नवी तार होती, गिऱ्हाईक दारात होतं, पण जळक्या मोटारींनी उंबऱ्यापर्यंत जागा खाल्ली. गेणभाऊंना बसायला पाट ठेवण्यापुरतीही जागा उरली नाही. शेवटी दुकानाला कुलूप लावावं लागलं.

सून हर्षाली मंचरच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती. हात पुसून सासऱ्यांसमोर येऊन बसली.

"मामा, सावळारामभाऊ आजारी पडले तेव्हा कुणाचं दुकान बंद पडलं?"

"माझं. समद्या गावाला ठावं हाय."

"आणि रामनाथकाकांचं?"

"त्याचं कशाला पडंल? त्याच्याकडं मोटारी येत्यात किती? चार आल्या, त्या कोपऱ्यात ढकलल्या अन् बसला बिडी वढत!"

"झालं तर मग. त्या माजलेल्या पेशींकडं मोटारींची रीघ लागलीय. सावळाराम चार दिवस बसला की त्यांचंच दुकान आधी तुंबणार. बाकीच्या पेशी रामनाथकाका. त्यांना त्रास होतो, पण त्या तग धरतात. औषध उतरलं की सावळाराम परत कामाला."

गेणभाऊ म्हणाले, "म्हंजी माझंच दुकान रोगी ठरवलंस व्हय गं?"

सरूबाईनं तोंडाला पदर लावला.

"पर पेशीत सावळाराम कुठनं आला?" गेणभाऊंनी विचारलं.

मग हर्षालीनं नीट सांगितलं. प्रत्येक पेशीत पिंपासारखी इवली इवली यंत्रं असतात. पिंपाच्या तोंडाशी मोटारींचं कडं असतं. प्रथिन म्हणजे घड्या घातलेली तारच. ते बिघडलं की पेशी त्याला खूण लावते. खूण दिसली की कडं त्याला धरतं, ओढून ओढून त्याच्या घड्या उलगडतं आणि सरळ करून अरुंद भोकातून आत घेतं. आत त्याचे बारीक तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून नवं प्रथिन बनतं.

"अन् त्या मोटारींना लाईट?"

"तुम्ही खाता ती भाकरी, मामा. तिचीच वीज. उपसायला, ओढायला फुकट काही नाही."

"बोटांचं काय?"

"तिथल्या नसांना औषध बाधतंय. ते डॉक्टरांना सांगायचं, दडवायचं नाही. औषध कमी करता येतं."

गेणभाऊ उठले. खुंटीवरची पिशवी काढली, झटकली आणि पुन्हा लावली. "सोमवारची पहिली गाडी किती वाजता हाय?" एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी औषध बेतानं केलं, अंतर वाढवलं. पावसाळा उपचारात गेला. नवरात्र बसायच्या सुमारास तपासणी आली ती चांगली आली. आजार दबला होता. नजर मात्र ठेवायची होती. उजव्या अंगठ्यातला बधिरपणा थोडा उरला. गेणभाऊ आता तारेचा ओरखडा डाव्या हातानं चाचपतात. तेही जमतं.

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा असते. दरसाल पाटावर तार गुंडाळायचं यंत्र आणि मीटर मांडायचे. त्या दिवशी गेणभाऊंनी हाक मारली, "सावळाराम, तुजी पक्कड आण."

"ती कशाला, भाऊ? लई काळी हाय."

"आण म्हनतो ना!"

गेणभाऊंनी ती स्वतः पुसली. दांड्यावर त्याच्या बोटांनी घासून खळगे पडले होते. इतक्या वर्षांत ते त्यांना दिसलेच नव्हते. त्यांनी पक्कड पाटाच्या मधोमध ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. ते हात तिला होते, की ज्यानं ती धरली त्याला, की अंगातल्या त्या अगणित न दिसणाऱ्या राबत्यांना, त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

सावळारामला हात कुठे ठेवावेत कळेना. "भाऊ, आज तुमास्नी झालंय काय?"

"काय न्हाई. बस पानावर."

पहिलं पान सावळारामला वाढलं. पोळीवर तूप ओतताना सरूबाईचा हात थांबला, तसे गेणभाऊ म्हणाले, "अगं, सोड की सढळ हातानं! आतली मोटार त्याच्यावरच चालतीया."