मुहूर्तानंतर करायच्या सह्या

माझ्या मावशीने साठी उलटल्यावर बावीस वर्षांच्या एका मिशीवाल्या गृहस्थाला मांडीवर घेतले. दत्तकविधीत मुलाला मांडीवर घ्यावेच लागते. तो बिचारा अर्धा तिच्या मांडीवर आणि अर्धा आपल्या डाव्या कोपरावर असा तरंगत होता. जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"अरे, टेक की नीट! आई आहे ती, पाट नव्हे," कोणीतरी म्हणाले.

"टेकू नको रे बाबा," मावशी म्हणाली, "माझे गुडघे आधीच गेलेत."

त्या हसण्यात मीही होतो. तिचे घर आणि तिची शेते त्या घटकेला तिच्या हातून जात होती, हे त्या ओसरीवर एकाच माणसाला पुरते ठाऊक होते, आणि तो माणूस माझ्याशेजारी बसून अक्षता टाकत होता.

मावशीचे घर कल्याणात शेणाळे तळ्याजवळ होते. भाताची शेते डोंबिवलीच्या बाजूला. काका भावबंदांपासून वाटणी करून वेगळे झाले होते आणि मूलबाळ नसताना तरुणपणीच वारले. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे ह्या बाईने डोक्यावरून विधवेचे तांबडे आलवण घेऊन बांधावर उभे राहून कापणी करून घेतली, घराची कौले दोनदा बदलली आणि भावबंदांच्या दारी एकदाही गेली नाही. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कुळे ती आवाजावरून ओळखू लागली होती, आणि कुळांच्याही ते ध्यानात आले होते.

"हाताला धरून नेणारं कुणीतरी हवं आता," ती मला म्हणाली. "पण हात धरणाऱ्यानं मला घराबाहेर नेऊन सोडू नये, एवढंच."

मी तिच्या बहिणीचा मुलगा, गोत्र वेगळे, म्हणून मला दत्तक घेता येत नव्हते. मला तिच्यासाठी वाचता मात्र येत होते. माझे अर्धे शिक्षण शाळेत झाले आणि अर्धे आण्या-दोन आण्यांच्या सुधारणेच्या चोपड्यांत. त्या चोपड्यांतली मला सर्वांत प्रिय होती ती ठाण्याच्या एका वकिलांनी विधवांच्या मालमत्तेविषयी लिहिलेली. तिची काही पाने मला पाठ होती. त्यांची व्याख्याने ऐकायला मी ठाण्याला चालत गेलेलो आहे. त्या चोपडीत जाड ठशात छापले होते की, विधवेने दत्तक घेतला की नवऱ्याची सारी मिळकत त्याच क्षणी दत्तकपुत्राची होते आणि तिला उरते फक्त पोटगी. म्हणून मुलगा मांडीवर घेण्याआधी त्याच्या बापाकडून लेखी करार करून घ्यावा, नंतर नव्हे. मी हे वाचले तेव्हा मावशीने ते दोनदा पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, "ह्या माणसाकडे ने मला."

आम्ही आगगाडीने ठाण्याला गेलो. वकीलसाहेबांचा बंगला नौपाड्याच्या वाटेवर, आंब्याच्या झाडांत होता. केशवपन केलेली म्हातारी दारात दिसताच ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. आमच्या लोकांत अशा बाईचे सकाळी तोंड पाहायला नको म्हणणारे पुष्कळ. हा मनुष्य उठून उभा राहिला! मी तिथेच त्यांचा झालो.

"मृत्युपत्र केलं तर?" मावशीने विचारले.

"मावशी, मिळकत यजमानांची. तुम्ही ती हयातभर भोगाल, पण मृत्युपत्रानं कुणाला देऊन टाकता येणार नाही. विकायची तर तशी अडचण दाखवावी लागेल. काहीच केलं नाहीत तर तुमच्यामागे ती तुमच्या चुलतदिरांकडे जाईल."

"म्हणजे तो माझ्या ओसरीवर पान खात बसतो तो कायद्यानंच बसतो म्हणायचा."

वकीलसाहेब खळखळून हसले. मग त्यांनी मार्ग सांगितला. दत्तक घ्यायचा तर त्याच चुलतदिराचा धाकटा मुलगा घ्यावा, म्हणजे वारसाचे भांडणच मिटेल. आपल्या इलाख्यात मोठा, लग्न झालेला मुलगाही चालतो. मात्र आधी करार व्हावा: मावशी जिवंत असेपर्यंत घर तिच्या ताब्यात, भात तिच्या हाती, आणि तिच्यामागे सारे मुलाचे. बाप आणि मुलगा दोघांनी होमाआधी सह्या कराव्यात. मसुदा त्यांनी स्वतः लिहून दिला. मावशीने पदराची गाठ सोडून फी पुढे केली, तर त्यांनी हात जोडले. "विधवेची फी मी घेत नाही. हे माझं व्रत आहे."

परतताना मावशी गाडीत पदराची गाठ पुन्हा बांधत बसली. कल्याण आल्यावर म्हणाली, "फुकटचं काम मला बरं वाटत नाही रे." मी तिला व्रताचे महत्त्व समजावून सांगितले.

दत्तकविधीच्या दिवशी वकीलसाहेब वेळेवर आले. स्टँपाचा कागद, दौत आणि टाक ओसरीवर मांडून ठेवले होते. उशीर केला तो चुलतदिराने. बैल लंगडला म्हणाला. भटजींनी परातीतल्या पाण्यात घटिकापात्र सोडले होते. भोकातून पाणी शिरून ती तांब्याची वाटी काठापर्यंत आली होती. ती बुडाली की मुहूर्त गेला.

चुलतदिराने कागदाकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "वहिनी, होमाआधी स्टँप? मी पोटचा मुलगा देतोय की म्हैस विकतोय?"

"भावजी, बोलणं तसंच झालं होतं."

"झालं होतं ना! मग मी कुठं नाही म्हणतोय? पण अग्नी पेटायच्या आत सह्या? अपशकुन नको."

"वाटी बुडायला आली," भटजी म्हणाले. "ही घटका गेली तर पुढचा मुहूर्त थेट मार्गशीर्षात."

मावशीने वकीलसाहेबांच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. "वकीलसाहेब, तुम्ही सांगाल तसं. काय करू?"

मला आजही वाटते, ते एवढेच म्हणाले असते की मार्गशीर्ष काही दूर नाही, तरी पुरे होते. पण ते म्हणाले, "घ्या उरकून, मावशी. सह्या मुहूर्तानंतर होतील. मी आहे ना इथं."

मी उठलो. "पण तुमच्याच चोपडीत—"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चोपडी लोकांसाठी असते. ही घरची माणसं आहेत."

होम झाला, मुलगा मांडीवर बसला, पंगत उठली. पंगतीनंतर चुलतदीर म्हणाला, "आज एवढं गोडधोड झालंय, आजच्या दिवशी कोर्टकचेरीचे कागद नकोत. उद्या." वकीलसाहेब कागद घडी करून पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीने गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा सासुरवाडीला गेलेला. तो आला तोवर बाप देवदर्शनाला. मी ठाण्याला दोन खेपा घातल्या, तेव्हा वकीलसाहेब व्याख्यानासाठी पुण्याला गेल्याचे कळले.

कापणी झाली आणि कुळांनी भात परभारे मुलाच्या हवाली केले. पाठोपाठ चुलतदीर आपल्या बायकोसह घरात राहायला आला, मुलाला व्यवहार शिकवायचा म्हणून. मावशीचे अंथरूण माजघरातून निघून मागच्या खोलीत, सरपणाच्या ढिगाशेजारी गेले. दारी भिक्षेला आलेल्या जोशिणीला तिने सूपभर तांदूळ घातले, तर मुलाची सख्खी आई म्हणाली, "जाऊबाई, विचारून द्यावं हो."

मावशी माझ्यासह पुन्हा नौपाड्याच्या बंगल्यावर गेली. ह्या खेपेलाही वकीलसाहेब उठून उभे राहिले. माणूस तोच, उठणे तेच, आणि मला त्या उठण्याचीच शिसारी आली.

"मावशी, ह्या कामात मला तुमच्याशी बोलता येणार नाही. तुमच्या दिरांचं वकीलपत्र माझ्याकडे आहे."

"आणि माझं?"

"तुमचं मी घेतलंच नव्हतं. तुमच्याकडून पैसुद्धा घेतलेली नाही. मी दिला तो मित्रत्वाचा सल्ला."

फी नाही म्हणून वकीलपत्र नाही, वकीलपत्र नाही म्हणून ती त्यांची अशील नाही, आणि अशील नाही म्हणून ते तिच्या उलट उभे राहायला मोकळे! ते व्रत, ज्याचे मी तिच्यापुढे गोडवे गायले होते, त्याचा उपयोग शेवटी असा झाला. मी तिथे काय काय बोललो ते मला आठवत नाही. मावशीने माझी बाही ओढली एवढे आठवते.

दावा आम्ही लावला. मावशीने ह्या वेळी वकील निवडला तो तपकीर ओढणारा, सुधारणेचे नावही न काढणारा आणि आधी फी मोजून घेणारा. त्यानेच पहिल्या दिवशी सांगितले, "बाई, लेखी नाही. पोटगी मिळवून देईन. घर मागू नका."

"मागून बघू," ती म्हणाली.

साक्षीच्या दिवशी तिला कोर्टात हात धरून मी उभे केले. उलटतपासणीला उठले ते नौपाड्याचे वकीलसाहेब.

"करार दत्तकाआधी झाला होता का?"

"ठरला होता."

"सही झाली होती का, एवढं सांगा."

"नाही."

"का नाही झाली?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला, देव जाणे. सवयीने विचारला असावा. मावशीने आवाजावरून त्यांच्याकडे तोंड वळवले, त्या दिवशी ओसरीवर वळवले होते तसेच. "तुम्ही म्हणालात, मुहूर्तानंतर होतील. म्हणून."

कोर्टात कोणीतरी हसले. सबजज्जसाहेबांनी मान वर केली नाही. टाक कागदावर चालला तो फक्त 'नाही' ह्या शब्दापुरता.

निकाल लागला. मिळकत दत्तकपुत्राची. मावशीला वर्षाचे धान्य, वस्त्र, आणि हयातभर मागच्या खोलीत राहण्याचा हक्क. बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेबांनी मला गाठले. "मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारख्या तरुणांची चळवळीला गरज आहे." मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. हा मनुष्य ढोंगी असता तर मला सोपे गेले असते. तो लिहीत होता ते त्याला पटत होते. फक्त लिहिलेले कधी आपल्यालाही लागू पडते, हे त्याच्या गावीही नव्हते.

माझी आई म्हणाली, आमच्याकडे ये राहायला. मावशी म्हणाली, "नको. मला घरी सोड."

आम्ही तळ्याच्या कडेने आलो. ओसरीवर चुलतदीर चार पाहुण्यांबरोबर बसला होता. मुलगा लगबगीने उठून पुढे आला आणि हळूच म्हणाला, "आई, मागच्या अंगणातून या ना. बाबांकडे मंडळी आलीत."

"कोर्टानं मला खोली दिली," मावशी म्हणाली. "वाट कुठली ते सांगितलेलं नाही."

तिने माझा हात सोडला. भिंतीला बोटे लावून ती ओसरी चढली, पाहुण्यांच्या मधून गेली. चुलतदिराने पाय आवरून घेतले. माजघरातून, स्वयंपाकघरातून ती मागे गेली, आणि सरपणाशेजारच्या खोलीचे दार लावल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. पाहुण्यांतल्या एकाने विचारले, "ह्या कोण?"

चुलतदिराने पानाचे तबक पुढे सरकवले. उत्तर मी दिले. म्हणालो, "घराच्या मालकीण होत्या."