कमळ धवलेरीचा आवाज

वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची सगळी गाणी पाठ असलेली बाई. ती गायली की लग्न लागलं. जोडपं एकत्र राहिलं, पोरं झाली, तरी धवलेरी गाईपर्यंत लग्न लागायचं उरलेलंच असतं.

भिवंडीहून वाड्याकडे जाताना गोदामांचे पत्रे संपतात, तिथून आत कमळचा पाडा आहे. बत्तीस घरं. कमळला गाणी आईकडून मिळाली. बावीस वर्षांत आसपासच्या पाड्यांतली बहुतेक लग्नं तिनेच लावली. तिचं स्वतःचं लग्न तिच्या आईने लावलं होतं, आणि मुलीचं, रूपाचं, लग्न आपल्याच गळ्याने लावायचं एवढं तिचं ठरलेलं होतं. याखेरीज तिने कधी काही मागितल्याचं नवऱ्याला, दामूला, आठवत नाही.

दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर विपुल पाड्यात आला. उल्हासनगरचा, तिशीतला, एका ख्रिस्ती संस्थेचा प्रचारक. येशूची गोष्ट ज्यांच्या बोलीत अजून पोहोचलेली नाही, अशा लोकांची एक यादी संस्थेकडे होती आणि तीत हे पाडे होते. दूरदूरच्या चर्चच्या मंडळ्या या यादीसाठी प्रार्थना करत, मदत पाठवत. विपुलला बोलीतली गोष्ट ध्वनिमुद्रित करून उन्हावर चालणाऱ्या छोट्या डब्यांत भरायची होती. त्यासाठी आवाज हवा होता. सगळ्यांनी कमळकडे बोट दाखवलं.

पहिले दोन दिवस वाया गेले. बाप, दोन मुलगे, धाकटा वाटा घेऊन निघून जातो, ही गोष्ट कमळला समजली. पण मशीनसमोर तिला दोन वाक्यांपुढे जाता येईना.

‘‘मना असं बोलाय न्हाय येत,’’ ती म्हणाली. ‘‘गाऊन सांगू का?’’

तिला लांबलचक काही सांगण्याची एकच चाल येत होती, लग्नाची. त्या चालीत तिने गोष्ट एका दमात गायली. पोरगा परत येतो तिथे बापाने कोंबडा कापला.

‘‘मावशी, पुस्तकात वासरू आहे,’’ विपुल म्हणाला.

‘‘वासरू कोण कापतं रं? पोरगा आला का कोंबडाच.’’

विपुल हसला. कोंबडा राहिला.

चाळीस डबे वाटले गेले. लोकांनी ऐकले, हसले, पुन्हा ऐकले. कोणी धर्म बदलला नाही. कमळनेही नाही, घरचा देव, हिरवा, तिने त्या वर्षीही पुजला. चाल लग्नाची आहे म्हणून म्हातारे थोडे कुरकुरले, तेवढंच.

पण संस्थेची एक रीत होती. मदत करणाऱ्यांना दर तीन महिन्यांनी फोटोसह पत्र जाई आणि त्यात काहीतरी घडलेलं असावं लागे. विपुलने कमळचा गातानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं : ‘या लोकांमधलं पहिलं फळ. या बहिणीने प्रभूला स्वीकारलं आहे.’ आज ना उद्या ते खरं होईल असं त्याला वाटत होतं, असं तो नंतर म्हणाला.

मानकोलीच्या ज्या गोदामात दामू माल चढवतो, तिथला फोर्कलिफ्टवाला केरळचा ख्रिस्ती. एका सकाळी शिफ्ट सुरू होताना तो मोबाइल घेऊन दामूकडे आला.

‘‘मुबारक हो भाई! आपकी घरवाली का फोटो आया है हमारे चर्च के ग्रुप में.’’

आनंदाने त्याने तो मजकूर सगळ्यांना वाचून दाखवला. पाड्यातले चौघे तिथेच ड्युटीवर होते.

‘‘दाम्या, आता तू पाव खायाचा का भाकर?’’

‘‘त्याला विचारू नको. बायको देवाचं लगीन लावते आता, हा नुसता वऱ्हाडी.’’

संध्याकाळपर्यंत तो फोटो पाड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. पाड्याचा भगत तुळशीराम. त्याने बैठक बोलावली. कमळने हिरव्याची शपथ घेतली. तुळशीराम म्हणाला, ‘‘शपथ राहू दे. ज्यानं लिवलं त्याला आण.’’

विपुल आला. तो पळाला नाही, हे नोंदवायला हवं.

‘‘हिनं तुमच्या धर्माचं पाणी डोक्यावर घेतलं का न्हाय? एवढंच सांग,’’ तुळशीरामने विचारलं.

नाही म्हटलं असतं तर पत्र खोटं ठरलं असतं, आणि संस्थेचं पुढच्या वर्षाचं काम त्या पत्रावर उभं होतं. शिवाय चौघेजण मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होते.

‘‘तिच्या मनात प्रभूचं काम सुरू आहे,’’ विपुल म्हणाला.

‘‘हां,’’ तुळशीराम म्हणाला आणि उठला.

तेव्हापासून कमळला एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही. विपुलची बदली झाली. पाडा यादीत ‘पोहोचलेले’ या रकान्यात गेला.

गेल्या वैशाखात रूपाचं लग्न निघालं. मुलाकडच्यांची अट होती : धवलेरी दुसरी हवी. रूपाने ती मान्य केली. वरचेवर आजारी पडणारी गुणाबाई आली. तिला निम्मी गाणी येत होती, तीही कमळनेच शिकवलेली. कमळला घरामागे तांदूळ धुवायला बसवलं.

आत भिंतीवर लग्नाच्या चित्राचा चौक लिहून झाला, गाणं सुरू झालं. आई मुलीचा हात सोडते ते कडवं आलं आणि गुणाबाई अडकली. पहिली ओळ तिने तीनदा म्हटली. सगळ्यांना माहीत होतं की पुढची ओळ कुठे बसली आहे. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

कमळने तांदळातून हात न काढता ओळ गायली. एकच.

‘‘थांबवा,’’ तुळशीराम म्हणाला. ‘‘परत पयल्यापून.’’

‘‘बाटवलं सगळं,’’ मुलाची आत्या म्हणाली.

हळद लागलेली रूपा मागच्या दारात आली. ‘‘आये, तुझ्या पाया पडते, गप बस. मना नांदायचंय तिथं.’’

कमळने मान हलवली. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्याच जागी आल्यावर गुणाबाई या वेळी थांबली नाही. आईचं कडवं तिने सोडून दिलं आणि पुढचं धरलं. रूपाचं लग्न त्या कडव्याशिवाय लागलं.