आधी चौकीत तोंड दाखव

सोलापूर स्टेशनात दिल्लीची गाडी लागली होती आणि आप्पा मला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. "गेल्या गेल्या चौकीत तोंड दाखव. आपनहून गेलं की मागं येत न्हाईत."

बाकीच्या पोरींचे बाप पोचल्याचं पत्र टाक म्हणत असतील. माझ्या बापाने मला पोलीस चौकी शोधायला सांगितलं. अव्वाने, माझ्या आईने, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कोंबली, पदराने डोळे पुसले आणि तो म्हणतो तसंच कर, अशी मान हलवली. मी नर्सिंग पास झालेली, चंडीगडच्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागलेली, तरी मुकाट्याने बरं म्हणाले.

सेटलमेंटातल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आम्ही टकारी. जात्याला, पाट्याला टाकी लावून देणं हे आमचं जुनं काम. इंग्रजांनी कायदा करून आमच्यासारख्या कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि सोलापुरात तारेच्या कुंपणात डांबल्या, तीच ही सेटलमेंट. आप्पा त्या कुंपणाच्या आत जन्मला. रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास. स्वातंत्र्य आलं, तार तुटली, कायदाही गेला. पण गावात कुठे घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी आमच्या गल्लीत. चोरी झाली तेव्हा आप्पा गिरणीत मागावर उभा असला तरी त्याला उचलत. मग त्याने स्वतःच एक रीत लावून घेतली. परगावी लग्नाला गेलं तरी आधी तिथली चौकी गाठायची, चपला बाहेर काढायच्या, जमिनीवर बसायचं आणि आपण आलोय, कधी जाणार, हे सांगून टाकायचं. अक्षता नंतर.

तर चंडीगडला उतरले, ट्रंक खोलीवर टाकली आणि गेले चौकीत. सेक्टर बावीसच्या बाजाराजवळ होती. चौकीचे साहेब मिशीवाले, पोट सुटलेले. त्यांना वाटलं माझी पर्स मारली. मी म्हटलं, चोरी काही झालेली नाही, मी नवीन आलेय, एवढंच सांगायचं होतं.  साहेब हसले, खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि म्हणाले, महाराष्ट्राची माणसं किती कायद्याने वागतात. मी खुर्चीच्या कडेवर बसून चहा प्यायले. आमच्या खानदानात चौकीतली खुर्ची कुणी पाहिली असेल, बसलं कुणी नव्हतं.

सोलापुरात जाधव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, कुठले जाधव? इथे कुणी विचारलंच नाही. इथे मी मराठी सिस्टर जी होते, शरीफ घरची. गणपतीला मराठी मंडळात गेले तर डॉक्टरांच्या, बँकवाल्यांच्या बायका मोदकांचं ताट माझ्या हातात देत. खरं सांगते, सुरुवातीला मला ते फार आवडलं. मोकळे रस्ते, कडेला झाडं, आणि मला ओळखणारं कुणी नाही.

पण ते दिवस पंजाबात दहशतीचे होते. बसमधून उतरवून माणसं मारली जात होती, बाजारात बॉम्ब फुटत होते. भीती खोटी नव्हती. आमच्या वॉर्डात गोळ्या लागलेली माणसं येत, मी त्यांच्या जखमा धुतल्या आहेत. फक्त त्या भीतीने एक चेहरा ठरवून घेतला होता. पगडी, दाढी, वय विशी-पंचविशीचं. नाक्यावर बस थांबली की शिपाई आत चढे, मला "आप बैठो जी" म्हणे आणि त्या वयाची पगडीवाली पोरं खाली उतरवे. खाली हात वर करून उभ्या त्या रांगेकडे बघताना मला दर वेळी आमची गल्ली दिसायची. जागा बदलली होती. या वेळी मी खिडकीत होते.

मी राहायचे गच्चीवरच्या एकट्या खोलीत, तिकडे तिला बरसाती म्हणतात. घरमालकीण विधवा, सगळे तिला बीजी म्हणत. तिचा एकुलता एक हरजीत डेराबस्सीच्या औषधाच्या कारखान्यात कामाला होता. स्वभावाने इतका गरीब की गच्चीवर येताना खालूनच हाक देई, दीदी, मैं आ रहा हूँ. एका सकाळी कामावर जाताना त्याला नाक्यावर बसमधून उतरवलं आणि आमच्याच चौकीत आणून बसवलं. आदल्या दिवशी कुठेतरी गोळीबार करून पळालेला पोरगा उंच होता म्हणे. हरजीतही उंच होता. एवढंच. त्या दिवसांत आत गेलेली सगळीच पोरं परत येत नव्हती, हे बीजीला ठाऊक होतं आणि मलाही. ती दुपारी वॉर्डाच्या दारात आली आणि हरजीतला चौकीत नेल्याचं सांगितलं. मी तशीच गणवेशात निघाले.

चौकीत तेच साहेब. तीच खुर्ची पुढे आली. हरजीत कोपऱ्यात जमिनीवर, चपला बाहेर. मला आप्पाच दिसला आणि डोकं तापलं. मी सांगितलं की हा सरळ मुलगा आहे, रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो. साहेब लगेच विरघळले.

"सिस्टर जी, आप शरीफ घर की हो. आपकी ज़बान पे छोड़ देते हैं. वैसे हम शकल देख के पहचान लेते हैं, कौन कैसा है."

गप्प बसून पोराला घेऊन निघायचं होतं. अक्कल तेच सांगत होती, बीजीचा हातही माझ्या दंडावर होता. मी उठून उभी राहिले.

"तो मुझे क्यों नहीं पहचाना?"

मग सगळंच सांगितलं. कुंपण, हजेरी, माझा बाप चौकीत का जातो, मी पहिल्या दिवशी इथे का आले होते. सांगताना आवाज चढला, चढू दिला. साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, मग तुमच्या शब्दाला काय अर्थ राहिला? मी म्हटलं, मघाशी होता तेवढाच आहे, माणूस मीच आहे. आणि खुर्ची सोडून हरजीतच्या शेजारी जमिनीवर बसले. बीजीही बसली. गणवेशातली नर्स जमिनीवर बसलीय हे बघायला दारात बाजारातली माणसं जमली. हळूहळू ड्यूटी संपलेल्या आमच्या दोघी-तिघी आल्या आणि त्याही टेकल्या. संध्याकाळी कारखान्याचा सुपरवायझर आला, गोळीबाराच्या वेळी हरजीत कामावर होता हे त्याने सांगितलं, तेव्हा कुठे साहेबांनी त्याला सोडलं. सोडताना म्हणाले, "हर इतवार हाज़िरी लगेगी."

हजेरी. अडीच दिवसांचा प्रवास करून मी जे मागे टाकून आले होते, ते इथे माझ्याआधी येऊन बसलं होतं.

मराठी मंडळात कळलंच. एक काकू म्हणाल्या, तू गप्प बसली असतीस तर रविवारचं झेंगट लागलं नसतं. असेल तसं. पण खोट्या शरीफपणावर एक हरजीत सुटला असता, आणि ज्याच्या गच्चीवर कुणी सिस्टर राहत नाही त्याचं काय? त्या वर्षीपासून मोदकांचं ताट माझ्याकडे आलं नाही. मी घरी केले, हरजीतने खाल्ले.

रविवार हा हरजीतचा केस धुण्याचा दिवस. तो ओले केस तसेच बांधून, वर पगडी चढवून चौकीत जाई, मी सोबत जाई. तिथे आणखी चार घरची पोरं असत. मी दर रविवारी एकच विचारी, कुठल्या हुकमाने बोलावता, लिहून द्या. साहेब म्हणत, लिखा-पढी की क्या बात है. अखेर बीजीच्या ओळखीच्या हायकोर्टातल्या वकिलाने नोटीस पाठवून तेच विचारलं. उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी मी तयार होऊन खाली आले तर हरजीत अंगणात उन्हात केस मोकळे सोडून बसलेला. म्हणाला, "आज नहीं जाना, दीदी." बीजी दिवसभर फाटकाकडे बघत होती. कुणी आलं नाही. संध्याकाळी मी बाकीच्या चार घरांतही हे सांगून आले.

आता मी चंडीगडजवळच्या मुल्लानपूरच्या नव्या सोसायटीत राहते. माझी मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, एका फ्लॅटमधून बांगडी गेलीय, तेव्हा झोपडीतून येणाऱ्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासाव्यात. मी लिहिलं, माझीही पिशवी तपासा, मी जन्माने गुन्हेगार आहे.  मुलगी म्हणाली, मम्मी, यार, लिखना ज़रूरी था? जरुरी होतं. दुसऱ्या दिवशी गेटवर पिशवी उघडून उभी राहिले, आणि त्या बायकांना आत सोडेपर्यंत हलले नाही.

घर म्हणजे काय असं कुणी विचारलं की मला आप्पा आठवतो. नोटीस गेल्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो चंडीगडला आला होता. बीजीने चहा दिला, तो त्याने घाईघाईत संपवला आणि मला हळूच विचारलं, "चौकी कुठं हाय?"

म्हटलं, चल, दाखवते. बाजाराच्या रस्त्याने निघालो. चौकी आली तसा तो वाकून चपला काढू लागला. मी त्याचा दंड धरला.

"आप्पा, चपला घाल. आपल्याला पुढं जायचंय."

तो पुन्हा वाकू लागला. मी सोडलं नाही. दारात शिपाई विडी ओढत उभा होता, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. आप्पा मागे वळून वळून बघत राहिला, कुणी हाक मारतंय का. कुणी मारली नाही. आम्ही बाजारभर हिंडलो, भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. त्याला त्या सोलापूरच्या शेंगांपुढे काहीच वाटल्या नाहीत.

परत आलो तर बीजीने विचारलं, भाईसाब, किधर हो आए? आप्पा ओट्यावर बसला, चपलांवरची धूळ झटकली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "किधर नहीं. ऐसेच. फिरने गया था."

माझ्या म्हाताऱ्या बापाने हे वाक्य जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं. जिथे त्याला ते म्हणता आलं, ते माझं घर.