मावशींच्या कानाला पटलेला कॉम्प्युटर

आमच्या मावशींच्या कानांना चुकवून निसटेल असा आवाज महाड तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहीण. सगळी नोकरी त्यांनी महाडच्या एका शाळेत संगीत शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर सुधारायला मुलं उरली नाहीत, म्हणून आपलं लक्ष गल्लीकडे वळवलं. शेजारच्या वहिनींना त्यांनी एकदा सांगितलं, की तुमचा मिक्सर अर्ध्या सुराने उतरलाय, दाखवून घ्या. वहिनी हसल्या, आणि त्याच आठवड्यात ओल्या नारळाच्या चटणीत मिक्सरने प्राण सोडला. घरच्या कुकरची शिट्टी बेसूर लागते म्हणून मावशी भांड्यांच्या दुकानात गेल्या आणि तिथल्या सगळ्या शिट्ट्या तोंडाने फुंकून त्यांतली एक घेऊन आल्या. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही, फक्त 'आ' म्हणायला लावलं आणि सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "काळी चार. मुलगी चांगली आहे." आमचं लग्न त्यावर ठरलं असं माझे यजमान अजून मानतात. पायपेटीवर रियाजाला बसताना फ्रिज बंद करायचा आणि उठल्यावर तो चालू करायला विसरायचं, हा तर त्यांचा नित्यक्रम. यांच्याकडचं दही एवढं आंबट कसं, असं नव्या पाहुण्याने विचारलं की जुने पाहुणे कोपऱ्यातल्या पायपेटीकडे बोट दाखवत.

ती पायपेटी पुरात गेली. सावित्रीचं पाणी गल्लीत येण्याचं आम्हा महाडकरांना नवल नाही. गाद्या, धान्य, टीव्ही माळ्यावर चढवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पण पायपेटी भलतीच जड, जिना अरुंद, आणि त्या वेळी पाण्याला घाई फार. ओसरल्यावर आम्ही चिखल उपसत तिच्यापाशी पोचलो, तर भाते फाटलेले आणि पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. मावशींनी एक पट्टी जोर लावून दाबली. आतून सुराऐवजी गढूळ पाणी आलं. पदराला हात पुसून त्या पुन्हा चिखल उपसायला लागल्या. त्यानंतर कितीतरी महिने त्यांच्याकडचा फ्रिज अखंड चालू होता आणि दही गोड लागत होतं.

मग त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पुण्याहून भेटायला आली. तिने लॅपटॉपवर त्यांना पियानो ऐकवला. खऱ्याखुऱ्या पियानोचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून कॉम्प्युटरमध्ये भरलेला असतो, पियानोसारखी कळांची लांब पट्टी जोडायची, कळ दाबली की तो सूर वाजतो, असं तिने समजावून सांगितलं. मावशी कानांवर हेडफोन लावून बराच वेळ बसल्या. काढल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हणजे हा पियानो पुरात एका हाताने वर नेता येईल."

पियानोची पट्टी यथावकाश आली. राहिला कॉम्प्युटर. मी एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसते, एवढ्यावरून मला त्यातलं कळतं असा आमच्या घरात गैरसमज आहे. तेव्हा ही निवड माझ्या गळ्यात पडली. अटी दोनच होत्या. कॉम्प्युटर पोळ्यांच्या डब्याएवढा असावा आणि त्याने आवाज करू नये. मावशींना बरोबर नेऊन बाजारातल्या दुकानदाराला मी हे सांगितलं तेव्हा तो खुशीत होता. मग मावशींनी त्याला दुकानातला एसी बंद करायला लावला, नंतर छतावरचा पंखा, आणि शेवटी मोबाईलवर बोलणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःच नम्रपणे बाहेर पाठवलं. घाम पुसत दुकानदार एकेक डबा चालू करायचा आणि मावशी डॉक्टरसारखा त्याला कान लावायच्या. एक गुणगुणतो म्हणून नापास झाला. दुसऱ्याला दमा आहे असं त्यांनी ठरवलं. तिसरा बरा होता, पण तो दुकानदाराने चुकून चालूच केला नव्हता.

शेवटी त्याने मुळात पंखाच नसलेला एक छोटा कॉम्प्युटर काढला. मावशी त्याच्यावर खूश होऊन घरी आल्या. पहिलीच तक्रार अशी, की कळ दाबल्यावर सूर मागाहून येतो. "मी आज दाबते आणि हा उद्या वाजतो," असं त्यांनी मला फोनवर सुनावलं. त्यावर आवाजासाठीची वेगळी डबी जोडली आणि ती खोड गेली. पण दोन्ही हातांनी वाजवत पायाने पेडल दाबलं की फोडणीत मोहरी टाकल्यासारखी तडतड सुरू होई. मी शोधाशोध केली तेव्हा कळलं, की पेडल दाबलेलं असताना जुने सूर विरत नाहीत, नवे येतच राहतात, आणि त्या सगळ्यांना एकाच वेळी सांभाळायचं तर मेमरी भरपूर आणि अंगात जोर हवा. आमचा बिनपंख्याचा गरीब प्राणी तापायचा आणि धापा टाकायचा. मेमरी वाढवूनही भागलं नाही. तोवर दुकानदारालाही या पियानोचा नाद लागला होता. त्याने स्पष्ट सांगितलं, "बाई, जोर पाहिजे तर थोडा वारा लागणारच." त्याने तेवढाच छोटा, पण चांगल्या ताकदीचा, सावकाश फिरणारा पंखा असलेला कॉम्प्युटर मागवला आणि स्वतः घरी घेऊन आला.

फ्रिज बंद झाला. मावशींनी डोळे मिटून कान लावला. दुकानदार आणि मी एकमेकांकडे बघत उभे. "श्वास घेतोय," मावशी म्हणाल्या. आम्ही माना खाली घातल्या, कारण आता हा परत गेला तर त्या पुन्हा दुसरा मागणार नाहीत हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी डोळे उघडले. "घेऊ दे. माझी पायपेटी काय श्वास न घेता वाजायची?"

आणि त्या वाजवायला बसल्या. पेडल दाबून, दोन्ही हातांनी, इतक्या महिन्यांचं एकदम. दुकानदार दुकान विसरून जमिनीवर बसला. मला मात्र उभंच राहावंसं वाटलं, छाती पुढे काढून, जणू तो पियानो मी घडवला होता.

यंदा त्यांनी तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आपल्या माहेरच्या वाडीत न्यायचा बेत केला. गाडीचा रस्ता वाडीच्या खालीच संपतो, पुढे चढण. कॉम्प्युटर मावशींच्या पिशवीत, पट्टी आणि स्पीकर आम्हा नवराबायकोच्या खांद्यांवर. देवळात माणसं गुरं बांधून आली. वाडीतल्या भजनाची चाल मावशींनी पियानोवर धरली आणि दुसऱ्या ओळीला सगळं देऊळ गायला लागलं. मामा, म्हणजे मावशींचे थोरले भाऊ, खांबाला टेकून बसले होते. त्यांनी ना टाळी वाजवली ना मान हलवली. संपल्यावर शेजारच्या माणसाला तेवढं म्हणाले, "आमच्या बायनं वाजवलंन," आणि तीच गोष्ट पुढे भेटेल त्याला सांगत राहिले.

परत निघताना मामांनी मावशींच्या हातातली पिशवी काढून घेतली. पंच्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि त्यावर तो एवढासा कॉम्प्युटर. मावशी लहानपणी महाडला शिकायला निघाल्या तेव्हा त्यांची कपड्यांची पेटी मामांनीच अशी डोक्यावरून खाली उतरवली होती, हे मला सासूबाईंकडून पुढे कळलं. उतरताना मात्र आम्हाला हसू येत होतं. डब्याला वजन ते काय, पण मामा मानेचा ताठा न मोडता, पाऊल चाचपत उतरत होते. गुडघे आता त्यांना साथ देत नाहीत.

"दादा, सावकाश," मावशी मागून म्हणाल्या.

मामांना मान वळवता येत नव्हती. पुढे बघतच म्हणाले, "तवा रडत गेलीस गो. आता तरी गात चल."

काही पावलांनी मावशींचा गाणारा आवाज अगदी हळू आला. मी यजमानांच्या दंडाला धरून त्यांना थांबवलं, आणि त्या दोघांना पुढे जाऊ दिलं.