टिटवीवर फेकलेलं ढेकूळ

मायी नात पैनगंगेच्या काठावर आल्या-गेल्याले पाखरं दाखवते. पूर वसरला का काठच्या रानात डबकी राह्यतात, तिथं पाखरं उतरतात. ते रान आता राखीव हाय. आंधी आमी तिथं डांगरं लावत होतो, आता गवताची काडी बी उपटायची नाई. जंगलखात्याच्या साहेबाकडून पोरीले दुर्बीण भेटली, टोपी भेटली. पन काम नवं हाय, पक्कं नाई.

उन्हाळा लागला तवा मीच तिच्या मागं लागली, मले बी ने म्हनून.

"आजे, तिथं बोलायचं नाई, खाकरायचं नाई."

"मंग मेल्यावानी उभी राह्यते."

हासली अन् घेऊन गेली.

शहरातले नवरा-बायको आले होते. बाईच्या गळ्यात हा एवढा कॅमेरा. नात त्यायले तेलुगूत, हिंदीत सांगून राह्यली होती, बोट न दाखवता, नुसत्या हनवटीनं. मी शाळेची पायरी चढली नाई, मले लय बरं वाटत होतं.

तेवढ्यात पायाजवळून टिटवी उठली अन् डोक्यावर ओरडत फिराले लागली.

माया हाताले समजलंच नाई आपन कुठं हाव ते. वाकली, ढेकूळ उचललं, फेकलं. तीनदा थुकली. "जाय, दुसऱ्याच्या दारी रड."

आमच्या घरी सासू असंच करे. टिटवी ओरडली का घरातलं कोनी जाते म्हनतात. माया नवरा तापात गेला, त्याच्या आदल्या दिवशी ओरडली होती. मंग सासूनं मलेच टिटवी म्हनलं. "उठली का टिटवी? जेवली का टिटवी?" दोन लेकरं पदरात होती. जाऊ कुठं? कापूस वेचला, ज्वारी कापली, अन् ती मरेपर्यंत त्याच नावाले ओ देल्ली.

ढेकूळ पडलं तिथून वीतभर अंतरावर अंडी होती. गोट्यासारखीच दिसतात, मले दिसली नाईत. बाईनं तोंडावर हात ठेवला. नवऱ्यानं नातीले विचारलं, "ये आपके साथ हैं?"

जमीन फाटावी असं झालं मले. नात नाई म्हनली असती तं बरं झालं असतं.

"हौ, दादी है मेरी," नात म्हनली.

तिनं समद्यायले मागं बाभळीखाली नेलं. मले हळूच म्हनली, "पाखरू वापस नाई आलं तं उन्हात अंडी शिजतात. अन् हे साहेबाले समजलं तं मायं काम जाते."

आमी बसलो. कोनी मायाकडं पाह्यत नव्हतं. टिटवी लांब उतरली. चार पावलं पळे, थांबे, आमाले पाहे. शेवटी अंड्यावर येऊन उभी राह्यली. बसली नाई, पंख जरासे सोडून सावली धरली तिनं. बाईनं फोटो काढला. जाताना मले नमस्ते करून गेली, अन् मी मान वर केली नाई.

त्यायनं कोनाले सांगतलं नाई. काम राह्यलं.

घरी येताना नातीनं विचारलं, "काऊन मारलं व, आजे?"

"तुया आजा गेला तवा..."

"मले माहीत हाय. तुले टिटवी म्हनत. मायनं सांगतलं." थोडं चालली. "मंग तूच काऊन मारलं?"



अजून बी टिटवी घरावरून ओरडत जाते. हात खाली जातेच. मी त्याले पदरात गुंडाळून धरते, ती लांब जाईपर्यंत.